समोर एकच खेळाडू असेल तेव्हा

*पत्र: मी फोंड्याचा, वय 31, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही पाच जण दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचो (एक जण गोष्ट सांगत खेळ चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि धोक्याचं काम जमलं का ते फासे ठरवतात), आता तो ग्रुप ऑनलाइन उरलाय. लग्नाला वर्ष होत आलं. बायको सावंतवाडीची, दशावतार बघत वाढलेली, वाचन भरपूर. ‘मलाही शिकव’ असं तिनेच म्हटलं, म्हणून मी उत्साहाने कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा तक्ता, छापून आणली आणि अर्धा तास नियम समजावले. ती म्हणाली, ‘हे काय, आयकराचा फॉर्म?’ मग तिने जादूगाराचं पात्र घेतलं आणि दोन गॉब्लिननी, म्हणजे खेळातल्या बुटक्या राक्षसांनी, तिला दुसऱ्याच फेरीत आडवं केलं. ती हसली, पण पुन्हा विषय काढला नाही. एकाच खेळाडूला घेऊन हा खेळ चालतो का? तीन जाड पुस्तकं घ्यावी लागतील का? मला पात्रागणिक आवाज बदलून बोलता येत नाही आणि तीही लाजते. आणि पुढे तिला आमच्या ग्रुपमध्ये घेता येईल का?*

ती हसली आणि तिने पुन्हा विषय काढला नाही, असं तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, ते बरं केलंत. विषय तुम्हीच काढायचाय आता. पण त्याआधी त्या दोन गॉब्लिनांचा हिशेब मांडू, कारण दोष तिचा नव्हता आणि फारसा तुमचाही नव्हता.

या खेळाच्या 2014 च्या नियमांत पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, जादूगाराकडे सहा-आठ हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढाच मार तो सोसू शकतो. गॉब्लिनचा एक वार सरासरी साडेपाच घेऊन जातो. दोन वार बसले की संपलं. त्यात दोन गॉब्लिन म्हणजे तिच्या एका पाळीला समोरून दोन पाळ्या. तुमच्या पुण्याच्या टोळीत एक जण पडला तर दुसरा त्याला उठवायचा, तिसरा मध्ये उभा राहायचा. ते सगळे आकडे चार-पाच जणांची टोळी गृहीत धरून बसवलेले आहेत. एकटीला तिथे सोडणं म्हणजे आट्यापाट्याच्या सगळ्या पाट्या एकाच गड्याला धरायला लावणं.

लढाईपेक्षाही मोठा घोळ दुसरीकडे होतो आणि तो खेळ चालवणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. समजा, भिंतीमागचा दरवाजा सापडायला निम्मी शक्यता आहे. चार जण शोधत असतील तर चौघांनाही तो न सापडण्याची शक्यता 16 त 1. एकटी शोधत असेल तर 2 त 1. म्हणजे ग्रुपमध्ये जे कोडं कुणी ना कुणी सोडवतोच, त्याच कोड्यापाशी एकटा खेळाडू दर दुसऱ्या वेळी अडकून बसणार. तुम्ही फासा पुन्हा टाकायला सांगणार, ती पुन्हा हरणार, शेवटी तुम्ही म्हणणार, ‘बरं, सापडला असं समज.’ मग मजा गेलीच. म्हणून गोष्ट पुढे सरकायला जी माहिती हवी ती फाशावर टाकू नका. तिने शोधलं की ती माहिती तिला मिळालीच पाहिजे. फासा टाकायचा तो ‘किंमत काय पडली’ हे ठरवायला.

पुस्तकं घेऊ नका. तिन्ही नकोत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच हवं असेल तर मूळ नियम फुकट मिळतात, आणि जानेवारी 2023 पासून त्यातला मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला आहे. 2019 साली आलेल्या ‘एसेन्शियल्स किट’मध्ये एक खेळाडू आणि एक खेळ चालवणारा यांच्यासाठी साथीदाराचे वेगळे नियमही दिलेत. कुणाकडे पडून असेल तर मागून आणा. पण माझं ऐकाल तर पहिल्या तीन-चार बैठका त्या खेळाचं नावही काढू नका. तुम्हाला तो इतका पाठ आहे की तुम्ही पुन्हा शिकवायला लागाल.

साधे सहा बाजूंचे दोन फासे घ्या. लूडोच्या डब्यातला एक, सापशिडीच्या डब्यातला दुसरा. अर्धा कागद घ्या. त्यावर तिला तीन शब्द लिहू द्या: अंग, डोकं, जीभ. एकापुढे अधिक 2, एकापुढे अधिक 1, एकापुढे शून्य, कुठे काय ते तिने ठरवायचं. काही धोक्याचं करायचं असेल तेव्हा दोन्ही फासे टाकून बेरीज करायची आणि हा आकडा मिळवायचा. 10 किंवा जास्त आले तर जमलं. 7 ते 9 आले तर जमलं, पण काहीतरी मोजावं लागलं. 6 किंवा कमी आले तर परिस्थिती तिच्यावर उलटली. ही तऱ्हा 2010 मध्ये आलेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने रूढ केली आणि नंतर कितीतरी खेळांनी उचलली. एकट्या खेळाडूला ती का मानवते, ते आकड्यांतच दिसतं. अधिक 2 असेल तर फसण्याची शक्यता 36 त 6, अधिक 1 ला 36 त 10, शून्याला 36 त 15. मधला ‘जमलं, पण’ मात्र तिन्ही वेळा 36 त 15 किंवा 16 असतो, म्हणजे जवळपास दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. गोष्ट तिथेच घडते.

कॅरेक्टर शीटच्या जागी तीन प्रश्न विचारा. तू पोटापाण्यासाठी काय करतेस? गावातले लोक कोणत्या कामाला तुलाच बोलावतात? आणि काय गेलं तर तुला झोप लागणार नाही? उत्तरं तिच्याच शब्दांत लिहा. ती म्हणाली, ‘मी सुईण आहे,’ तर सुईण. ‘फेरीबोटीवर तिकिटं फाडते,’ तर तसं. तलवार नाहीच म्हणाली तर उत्तम, तुमचे गॉब्लिन बेकार होतील.

आता गोष्ट. तुमच्या डोक्यात किल्ले, जंगल, ड्रॅगन असणार. ते तुम्हाला पुण्याच्या शनिवारांमुळे दिसतात, तिला नाही. रोज डोळ्यासमोर असलेली जागा घ्या. बोरीच्या पुलाच्या बाजूला खाजन शेतं आहेत, ती तुम्ही येता-जाता पाहिलीच असतील. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याची दारं. ओहोटीला मानशीची दारं नदीच्या बाजूला उघडतात आणि शेतातलं पाणी जातं. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दारं मिटतात. माणूस लागत नाही, आणि म्हणूनच कुणी काड्या केल्या तर सकाळपर्यंत कळत नाही.

तर: एका गावात तीन रात्री कुणीतरी मानशीच्या दारात ओंडका अडकवलाय. भरतीला दार मिटत नाही, खारं पाणी आत येतं. कोरगूट भात खारटपणा बऱ्यापैकी सोसतं, पण किती? आज चौथी रात्र, आणि गावाने तिला पाठवलंय. तुम्ही तीन माणसं ठरवून ठेवा. मानशीवर मासे धरायचा लिलाव घेतलेला एक जण, ज्याला आत येणारं पाणी म्हणजे आत येणारे मासे. जमीन विकायला टपलेला दुसरा, ज्याला शेत एकदाचं नापीक झालेलं हवंय. आणि मानस राखणारा म्हातारा, ज्याने काहीच केलेलं नाही, पण तिन्ही रात्री तो तिथे नव्हता हे कळू नये म्हणून जो थापा मारतोय. खरा कोण ते तुमच्या चिठ्ठीवर लिहा. ती त्याच्यापर्यंत कशी पोचेल याचा मात्र विचारही करू नका. ते तिचं काम, आणि तुम्ही आखलेल्या वाटेने ती जाणार नाही हे मी तुम्हाला आताच सांगते.

गावाचा राखणदार देव कोपला असं गावकरी म्हणतीलच, म्हणू द्या. पण खऱ्या देवस्थानाचं, खऱ्या गावाचं नाव घालू नका. आपल्याकडे भिंतींनाही नातेवाईक असतात.

कागदावर सहा चौकोन काढा. भरती चढायला साधारण सहा तास लागतात, म्हणून एक चौकोन म्हणजे एक तास. फासा 6 किंवा खाली आला की एक चौकोन भरायचा. ती उगीच वेळ काढत बसली तरी एक भरायचा. सहावा भरला की पाणी बांधावरून. चौकोन तिच्यासमोर ठेवा, लपवू नका. गॉब्लिनपेक्षा ती ओळ जास्त भीती घालते.

हे बोलण्यात कसं उतरतं? तुम्ही म्हणता, ‘मानशीजवळ पोचलीस. कंदील पेटलेला आहे, म्हातारा दिसत नाही. पाणी चढायला लागलंय. काय करतेस?’ ती म्हणते, ‘त्याला हाक मारते.’ तुम्ही विचारा, ‘काय नावाने?’ ती जे नाव घेईल ते त्या म्हाताऱ्याचं नाव. तिथून पुढे तो तुमच्याइतकाच तिचाही झाला. उत्तर येत नाही. ती म्हणते, ‘दारात हात घालून बघते काय अडकलंय.’ अंग, अधिक 1. फासे 4 आणि 3, एकूण 8. आता नुसतं ‘जमलं, पुढे?’ म्हणालात तर सगळं वाया. म्हणा, ‘ओंडका हाताला लागला, ओढला, निघाला. पण धक्क्याने कंदील पाण्यात गेला. काळोख. बांधावरून पावलं येतायत. एक माणूस की दोन, कळत नाही.’ आणि गप्प बसा.

समजा 5 आले. ‘निघाला नाही,’ इथे थांबू नका, कारण मग ती पुन्हा ओढेल आणि पुन्हा फासे टाकेल. ‘निघाला नाही, आणि दार आणि ओंडक्यामध्ये तुझ्या ओढणीचं टोक अडकलंय,’ असं म्हणा. एक चौकोन भरा. फसलं तरी जागा बदलली पाहिजे. एकट्या खेळाडूला हात द्यायला कुणी नसतं, म्हणून प्रत्येक अपयशातून दुसरीकडे वाट फुटायला हवी. या खेळात तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बाकीचं विसरलात तरी निभेल.

‘गप्प बसा’ म्हटलं ते जरा समजावून सांगते, कारण तिथेच नवरे घसरतात. पाच जणांत शांतता पडली की कुणीतरी बोलतो. दोघांत ती तुमच्या दोघांवरच येऊन बसते. ती विचार करत असते, आणि तुम्हाला वाटतं ती कंटाळलीये. मग तुम्ही सुचवायला लागता: ‘लपू शकतेस, किंवा विचारू शकतेस, किंवा...’ दोन-तीनदा असं झालं की ती तुमच्याच सूचनांतून निवडायला लागते, आणि मग तुम्हीच तुमच्याशी खेळताय. चहाचा एक घोट घ्या. खरंच अडकली तर प्रश्न विचारा, पर्याय देऊ नका. ‘या गावात रात्री जागं कोण असतं, तुला माहीत असलेलं?’ असा प्रश्न तिच्याच डोक्यातून काहीतरी बाहेर काढतो. अगदी पहिली दहा-पंधरा मिनिटं मात्र दोन ठळक वाटा समोर ठेवायला हरकत नाही. नव्या माणसाला कोरा कागद भिववतो.

तिने असं काही करायचं ठरवलं जे तुमच्या लेखी चुकीचं आहे, तर ‘तसं नाही करता येत’ हे शब्द गिळा. म्हातारा चोर आहे असं तिने ठरवलं आणि पंचांसमोर नेऊन उभा केला, तर करू द्या. त्याच्या थापा तिथे उघड्या पडतील, त्याची लाज तिला दिसेल, आणि खरा माणूस गर्दीत कुठे उभा आहे हेही दिसेल. घरात कोण बरोबर हे ठरवायला तुमच्याकडे बाकीचे सहा दिवस आहेतच.

आवाज बदलायची काहीएक गरज नाही. ‘तो म्हणतो की मी घरीच होतो, पण बोलताना तुझ्याकडे बघत नाही,’ असं सांगितलं तरी माणूस उभा राहतो. किंबहुना ‘बघत नाही’ हे नुसत्या आवाजातून तुम्ही दाखवूच शकला नसता. तिलाही ‘मी त्याला दरडावते’ एवढं म्हणायला मोकळीक ठेवा, आणि ‘नेमकं काय म्हणतेस?’ हे कधीतरीच विचारा. तिच्या लाजेवर औषध तिच्याच गावी आहे. दशावतारात नटाला आख्यान ठाऊक असतं, लिहिलेले संवाद नसतात. राजा आणि राक्षस एकमेकांना तिथल्या तिथे उत्तरं देतात, हे तिने रात्र रात्र जागून पाहिलंय. तिला सांगा की हे तेच आहे, प्रेक्षक सोडून. आणि संकासुराचा वध तिथे ठरलेला असतो, इथे काहीच ठरलेलं नाही. पाच मिनिटांत तिला जे कळेल ते तुमच्या अर्ध्या तासाच्या नियमांत कळलं नव्हतं.

साथीदार द्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पडेल. एकटीला काळोखात बोलायला कुणी हवं असतं, म्हणून खेळ चालवणारे एखादा शूर, शहाणा सोबती देतात. मग तोच शहाणपणा करत सुटतो आणि खेळाडू त्याच्या मागे चालतो. कुत्रा द्या. कुत्रा भुंकतो, घाबरतो, वास घेतो, पण सल्ला देत नाही. (सल्ला सदर लिहिणारीने हे सांगावं, यातली गंमत मला कळते.) आणि त्या कुत्र्याला मारू नका. गोष्टीला धार यावी म्हणून सुद्धा नाही.

सुरू करण्याआधी एक विचारून घ्या: गोष्टीत काय नको? कुणाला बुडण्याची भीती असते, कुणाला लहान मुलांना इजा झालेली ऐकवत नाही. नदीकाठची गोष्ट आहे, म्हणून हे विचाराच. आणि दोघांपैकी कुणीही ‘थांब’ म्हटलं की कारण न विचारता थांबायचं, तो प्रसंग सोडून पुढे जायचं. पाच मित्रांत असं कुणी बोलून दाखवत नसेल कदाचित, पण दोघांत एकाने गप्प बसून सोसलं तर ते खेळ संपल्यावरही घरातच राहतं.

वेळ दीड तासाच्या वर नेऊ नका. ग्रुपमध्ये चार तास चालतं, कारण तिथे आपली पाळी नसताना माणूस विसावतो. इथे ती सतत मंचावर आहे आणि तुम्हीही. दोघंही लवकर दमता, गोष्टही भराभर संपते. जी गोष्ट पाच जणांत दोन शनिवार खाते ती दोघांत एका संध्याकाळी आटोपते, म्हणून फार तयारी करू नका. पावसाळ्यात वीज गेली तर जाऊ द्या. मानशीची गोष्ट मेणबत्तीवर जास्त रंगते.

दुसऱ्या दिवशी ‘कसं वाटलं?’ विचारू नका. त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर नसतं. विचारायचंच असेल तर भाजी निवडताना सहज विचारा, ‘तो म्हातारा आता काय करत असेल?’ उत्तर लांबलं तर पुढची बैठक त्यातूनच सुरू करा. खांदे उडवले तर तेही उत्तरच आहे. सगळ्यांना हा खेळ आवडतोच असं नाही, आणि एका वर्षाच्या संसाराला एवढ्याने काही होत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे परत यायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर या. तेव्हा तिला तिसऱ्या पातळीवरूनच सुरू करा, बरोबर साथीदार द्या, आणि सुरुवातीला शत्रूंची संख्या तिच्या बाजूपेक्षा जास्त ठेवू नका. शत्रूंना पळायची, शरण यायची, तडजोड करायची अक्कल द्या. गॉब्लिनलाही जीव प्यारा असतो.

राहिला तुमचा ग्रुप. आत्ता नको. त्या चौघांचे दहा वर्षांचे विनोद आहेत, कोण कधी काय म्हणतो ते ठरलेलं आहे, आणि पडद्यावर एकाच वेळी दोघं बोलायला लागले की नवा माणूस माइक बंद करून बसतो. त्याऐवजी घरच्याच टेबलावर तिसरी खुर्ची मांडा. तिची एखादी मैत्रीण, तुमचा भाऊ, शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी, ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही असं कुणीही. नियम तुम्ही सांगू नका, तिला सांगू द्या. त्यानंतर तिने स्वतःहून तुमच्या शनिवारांबद्दल विचारलं तर घेऊन जा. पहिल्या दिवशी खेळ तुम्ही चालवू नका, मित्रांपैकी कुणाला तरी चालवू द्या आणि तुम्ही तिच्या शेजारी साधे खेळाडू म्हणून बसा. जादूगार तुम्हीच घ्या.